जावेची भाकरी

१३ जानेवारी, भोगी

तनुजाच्या दारात आज रांग होती. रेशनच्या दुकानापुढं असते तशी रांग.

मी डोळ्यांनी पाहिली नाही. आत्याबाईंनी फोनवर सांगितली. आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई, सध्या धाकट्या सुनेकडं, तनुजाकडं, मुकुंदवाडीला आहेत. सकाळी साडेदहाला फोन – "योगिने, काय सांगू, पोरीला मान वर करायला टाइम नाय. तिळाच्या भाकरीला पार स्टेशनच्या रस्त्यापर्यंत माणसं. तुझ्याकडं हाये का गर्दी?"

मी म्हणलं, "आहे की."

माझ्याकडं तीळ लावलेल्या शंभर बाजरीच्या भाकऱ्या तयार होत्या. अडतीस गेल्या. बाकीच्या दुपारी शेजारी वाटल्या आणि सणाच्या म्हणून दिल्या असं सांगितलं. सगळ्यांनी कौतुक केलं. त्या कौतुकानं आणखीच जीव जळला.

तिला भाकरी शिकवली कोणी? मी. लग्न होऊन आली तेव्हा तिची भाकरी परातीतून उचलतानाच तुटायची. पुंडलिकनगरच्या ह्याच ओट्यापाशी उभी करून मी तिला थापायला लावलं. मी तीन वर्षं झाली घरून भाकऱ्या विकते. तिनं दिवाळीनंतर सुरू केलं. म्हणजे अडीच महिने – आणि रांग!

एकेचाळीस वर्षांच्या बाईला हे शोभत नाही. पण निदान इथं तरी खरं लिहायचं.

१४ जानेवारी

संक्रांत. तनुजा तिळगूळ घेऊन आली. "ताई, गोड बोला." बोलले. तिच्या बोटांना भाजल्याचे फोड होते. माझ्या मनात आलं, माझ्या बोटांना का नाहीत?

१७ जानेवारी, शुक्रवार

सिडकोत बायकांसाठी धंद्याचा वर्ग सुरू झालाय, त्यात नाव घातलं. सहा शुक्रवार, दुपारी. पापडवाली आहे, शिवणवाली आहे, एक पार्लरवाली. शिकवायला मंजुषा मॅडम. त्यांचं स्वतःचं मसाल्याचं युनिट होतं म्हणे.

मॅडमनी फळ्यावर चार शब्द लिहिले. वस्तू, किंमत, जागा, जाहिरात. काय विकता, केवढ्याला विकता, कुठं विकता, आणि लोकांना कळवता कसं. ह्या सगळ्याला मिळून मार्केटिंग मिक्स म्हणतात. मॅडम म्हणाल्या, "ह्या चौघी एकाच घरात नांदतात. एकीला हलवलं की बाकीच्या तिघींना धक्का लागतो. म्हणून एका वेळी एकीलाच हात लावायचा आणि काय होतं ते बघायचं."

मग प्रत्येकीनं वहीत चार रकाने आखून आपल्या धंद्याबद्दल लिहायचं होतं. सगळ्यांनी लिहिलं. घरी येऊन वही उघडली तर माझ्या चारही रकान्यांत तनुजाच होती.

१९ जानेवारी, रविवार

ह्यांना मुकुंदवाडीला पाठवलं. "आत्याबाईंना भेटून या. येताना तिच्या पाच भाकऱ्या आणा. पैसे देऊन."

हे म्हणाले, "भावाच्या घरून भाकरी इकत आणू?"

"आणा."

तिनं पैसे घेतले नाहीतच. वर ठेचा दिला.

भाकरी ओट्यावर ठेवून नीट बघितली. माझ्यापेक्षा मोठी. पातळ. कडेला जराशी करपलेली, खाताना कुरकुर वाजते. सोबत हिरव्या मिरचीच्या ठेच्याची पुडी, फुकट. दर पंधरा रुपये. माझी जाड, मऊ, बारा रुपये. स्वस्त असून माझी जात नाही आणि महाग असून तिची जाते. हे कसं?

खाऊन बघितली. चांगली आहे. लिहिताना हात अडतोय, पण चांगली आहे.

ह्यांनी तीन खाल्ल्या. माझ्या दोनच खातात.

२२ जानेवारी

सगळं बदललं. भाकरी मोठी केली, पातळ केली. ठेच्याची पुडी. दर पंधरा. दोनशे पत्रकं छापून पेपरवाल्याबरोबर घरोघर टाकली. फोनच्या स्टेटसला फोटो ठेवला, फुगलेल्या भाकरीचा. एकीला हात लावा म्हणल्या होत्या मॅडम, मी चौघींना लावला. एकेक करत बसायला मला वेळ नाही. तिकडं रांग लागतीय.

२५ जानेवारी

रोज पस्तीस-चाळीस जायच्या. आज एकवीस.

३० जानेवारी

सारजाबाई स्वतः चालत आल्या. मागच्या गल्लीत राहतात, सत्तरीच्या आहेत, पोरगा पुण्याला. घरी दोघं म्हातारा-म्हातारी. माझ्या पहिल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक. हातात कालची भाकरी होती, तशीच्या तशी.

"योगिनी, ह्याच्या कडा मला चावत नाहीत गं. ठेचा कशाला? ह्यांना मिरची बंद केलीय डॉक्टरनी. एवढी मोठी भाकरी, आम्ही दोघं मिळून एक संपवत नाही. आणि वर तीन रुपये जास्ती. आम्ही काय वाकडं केलं होतं तुझं?"

मी म्हणलं, "बदलून देते, बसा." त्या बसल्या नाहीत.

३१ जानेवारी, शुक्रवार

वर्गात सांगितलं. तनुजाचं नाव घेतलं नाही. "एक बाई आहे मुकुंदवाडीत. तिचं सगळं जसंच्या तसं केलं, तरी माझं गिऱ्हाईक कमी झालं."

मॅडम म्हणाल्या, "तिच्याकडं कोण येतं?"

"लोकं येतात."

"कोण लोकं? कुठून येतात? भाकरी घरी नेतात का तिथंच खातात?"

मी वहीची पानं उलटत बसले.

"मग तुम्ही तिची भाकरी उचलून आणली, योगिनीताई. तिचं गिऱ्हाईक तिथंच राहिलं." बायका हसल्या. मी पण हसले. कान गरम झाले होते.

पुढच्या शुक्रवारपर्यंत काम दिलंय. आपल्या दहा गिऱ्हाइकांना विचारायचं – काय पाहिजे, केवढ्याला परवडतं, किती वाजता पाहिजे.

२ फेब्रुवारी, रविवार

माझ्या गिऱ्हाइकांकडं गेले नाही. मुकुंदवाडीला गेले.

स्कूटी लांब लावली. तोंडाला स्कार्फ तसाच ठेवला आणि तिच्या घरासमोरच्या चपलांच्या दुकानापाशी उभी राहिले. संध्याकाळी सहा ते साडेसात. दीड तास दुसऱ्याच्या दाराकडं बघत उभं राहायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं.

तिच्याकडं येतात ती पोरं. शेंद्र्याच्या कंपन्यांतून सुटून येणारी, चौघं-पाचजण मिळून रूम करून राहणारी. भूक लागलेली असते. तव्यावरची घेतात, ठेचा लावतात, उभ्या उभ्या खातात. त्यांना मोठीच पाहिजे, तिखटच पाहिजे. पंधरा रुपये त्यांना काहीच नाही, वडापावपेक्षा पोट भरतं. तनुजा त्यांच्याशी बोलते. "काय रं, आज उशीर?" "ओव्हरटाइम ताई. दोन वाढवा." प्रत्येकाचं तोंड तिच्या ओळखीचं.

तिचा नवरा, सोमनाथ भावजी, बाजूला बसून ठेच्याच्या पुड्या बांधत होते. रविवारची सुट्टी असणार. माझे हे बांधतील का कधी?

शेवटी एक माणूस दोन मोठे डबे घेऊन आला. एकशेवीस भाकऱ्या मोजून घेतल्या. त्याच्यामागं मी दोन गल्ल्या गेले. कडूबा नावाचा मेसवाला आहे, विद्यार्थी आणि कामगार पोरं जेवतात त्याच्याकडं. बाहेर बोर्ड, बोर्डावर नंबर.

नंबर लिहून घेतला. कशाला ते तेव्हा ठरवलं नव्हतं.

खोटं. ठरवलं होतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

केला फोन.

म्हणलं, "मी तनुजाची मोठी जाऊ बोलते, पुंडलिकनगरहून. घरातलीच आहे म्हणून सांगावं वाटलं. ती ज्वारीत तांदळाचं पीठ मिसळते. पोरांच्या पोटाचा सवाल आहे."

तो म्हणाला, "घरचंच माणूस सांगतंय म्हणल्यावर खोटं कसं म्हणू? पण मला रोज एकशेवीस लागत्यात, बाई."

"मी देते. तेरा रुपयांनी. पिठाच्या बाबतीत माझं नाव मात्र घेऊ नका."

"नाय घेत."

फोन ठेवून पाणी प्यायले.

तनुजाच्या पिठात काही नसतं. आम्हा दोघींची ज्वारी गावाकडून एकाच शेतातली येते. पोतं आधी माझ्याकडं उतरतं, अर्धं मीच तिला मोजून देते.

६ फेब्रुवारी

दुपारी दोनपासून थापतीय. एकशेवीस. मनगट भरून आलंय, पण अंगात वारं भरल्यासारखं झालंय. डबे स्कूटीला बांधून स्वतः नेऊन दिले. तनुजाच्या गल्लीवरून गेले नाही, लांबून गेले.

संध्याकाळी तिचा फोन.

"ताई, कडूबाभाऊ आता तुमच्याकडनं घेत्यात म्हणं."

"हो. त्यांनीच विचारलं."

"बरं झालं. घरातल्या घरात राहिलं." मग म्हणाली, "पण ताई, माझ्या पिठात मिसळ आहे म्हणले ते. मिसळ! कोणी सांगितलं असंल?"

मी म्हणलं, "लोकं जळतात गं. लक्ष देऊ नको."

"व्हय, तसंच असंल," म्हणाली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वर्गाला गेले नाही. भाकऱ्या होत्या.

११ फेब्रुवारी

कडूबानं आज डबा माझ्यासमोर उघडला. वरच्या दहा-बारा सोडल्या तर खालच्या सगळ्या ओल्या. गरम भाकरी डब्यात दाबून भरली, पाऊण तास बंद राहिली, घाम सुटला. परवा मी गार करून नेल्या तर त्या वातड झाल्या होत्या. पोरांनी ताटात टाकून दिल्या म्हणे.

"बाई, तुमची भाकरी वाईट नाय. पण लांबून येती. तनुजाताईची दोन गल्ल्यांवरनं यायची, तव्यावरची. ती ताटात पडंपर्यंत फुगलेली राहायची."

"मग?"

"मग बंद करू. तुमचं भी, तिचं भी. मिसळ करणारीकडं परत जात नसतो मी."

सहा दिवस. सहा दिवसांसाठी केलं मी हे. ह्या सहा दिवसांत माझ्या गल्लीतल्या गिऱ्हाइकांना संध्याकाळी दार बंद दिसलं, ते वेगळंच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वर्गाला गेले. मोठी ऑर्डर आली आणि गेली, एवढंच सांगितलं. कशी आली ते नाही. मॅडमनी ‘जागा’ ह्या शब्दाखाली रेघ मारली. म्हणाल्या, "भाकरी किती वेळ चांगली राहते, तेवढाच तुमचा बाजार. त्याच्या आत कोण राहतं? त्यांना विचारलं का?"

दोन आठवड्यांपूर्वीचं काम अजून तसंच पडलंय. घरी आल्यावर पिशवी टाकली आणि सरळ सारजाबाईंकडं गेले. त्यांनी दार उघडलं, आत घेतलं. मग आठ घरं केली. कोणी घालवून दिलं नाही.

सगळ्यांचं म्हणणं जवळजवळ एकच. ह्या गल्ल्यांतून पोरं बाहेर गेली, घरात म्हातारी माणसं. भाकरी छोटी पाहिजे, मऊ पाहिजे. दोघांना दोन. सात वाजता, गरम. आणि जिना उतरून आणायला लावू नका. पत्रक कोणी वाचलं नव्हतं. एका आजोबांनी त्यावर चष्मा ठेवला होता.

१८ फेब्रुवारी

मॅडमचं ऐकलं, एकीलाच हात लावला. आधी फक्त भाकरी. तळहाताएवढी, मऊ. तीन दिवस दर तोच ठेवला. मग आज दर आठ केला. उद्यापासून सात वाजता घरपोच, चारच गल्ल्या, स्कूटीवर दहा मिनिटांच्या आत. जाहिरात काही नाही. सारजाबाई देवळात बसतात, तेवढं पुष्कळ आहे.

काल तीस गेल्या. आज सत्तावन्न.

पहिला विचार काय आला? तनुजाला हे कळलं पाहिजे.

२३ फेब्रुवारी, रविवार

आत्याबाई आल्या. पिशवी घेऊन. अजून त्यांना तिकडं राहायचं होतं.

मी विचारलं, "लवकर कशा?"

"तिथं एक तोंड कमी झालं तर तेवढंच," म्हणाल्या. जीभ चावल्यासारखं तोंड झालं. मी पुन्हा विचारलं तर म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला इचार, भारतला."

चहाच्या वेळी ह्यांना विचारलं. हे बशीतच बघत होते.

"सोमनाथची कंपनी दिवाळीत बंद झाली. चार महिने झाले, घरी हाये. तनुजाच्या भाकरीवर चाललंय सगळं. त्यात ती मेस सुटली."

मला आधी समजलंच नाही. दिवाळीत. म्हणजे तिनं धंदा सुरू केला तो त्यामुळं. त्या रविवारी भावजी पुड्या बांधत होते ते सुट्टी म्हणून नाही. ते रोजच बांधत असणार.

"मला का नाही सांगितलं?"

ह्यांनी बशी खाली ठेवली. "तनुजाच म्हणली. ताईंना सांगू नका. त्यांना बरं वाटंल."

"आणि तुम्ही काय म्हणलात?"

"मी काय म्हणणार. गप राहिलो."

आत्याबाईंनी पण मान वर केली नाही. म्हणजे तिघांनाही तेच वाटलं होतं. घरातल्या सगळ्यांना माहीत आहे मी कशी आहे. मलाच वाटत होतं की हे फक्त ह्या वहीला माहीत आहे.

२४ फेब्रुवारी

बरं वाटलं असतं का मला?

हो. घटकाभर वाटलं असतं.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

आज भाकरी नाही, सगळ्यांचे उपास. सकाळीच कडूबाच्या मेसला गेले. तो भगर निवडत बसला होता.

म्हणलं, "मी खोटं बोलले. तनुजा काही मिसळत नाही. तिची ऑर्डर चालू करा."

त्यानं वर बघितलं. रागावला असता तर बरं झालं असतं. "बाई, त्या टायमाला भी तुमी असंच बोलला होतात. खरं सांगते म्हणून. आता कंचं धरू?"

"हे धरा."

"धरलं. पण उपेग नाय. भाकरी न चपाती दोन्ही देणारा एक गाठलाय. वर्षाची बोली झाली. शब्द दिला मी." मग म्हणाला, "तिला सांगितलं का?"

नव्हतं सांगितलं. तिथून तिचं घर दोन गल्ल्या. स्कूटी चालू केली आणि पुंडलिकनगरला आले.

२७ फेब्रुवारी

सकाळी गेले.

तनुजा थापत होती. समोर गिऱ्हाईक नव्हतं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. फोन कधी केला, काय बोलले, दर किती कमी केला. कडूबा काय म्हणाला ते पण. रडले नाही. रडले असते तर तिलाच माझी समजूत काढावी लागली असती.

तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं. उलटली. फुगू दिली. आत खाटेवर सोमनाथ भावजी होते, त्यांनी ऐकलंच असणार.

मग म्हणाली, "ताई, पिठाचंच का बोललात? दर जास्ती आहे म्हणायचं. भाकरी करपते म्हणायचं. ते खरं तरी होतं. पिठाचं का?"

मला उत्तर नव्हतं. आत्ताही नाही. म्हणजे आहे. दुसऱ्या कशानं तिची रांग मोडली नसती.

"जा आता," म्हणाली. हळूच म्हणाली. बसा म्हणाली नाही, चहा म्हणाली नाही. मी पायऱ्या उतरेपर्यंत दुसरी भाकरी थापायला घेतली होती.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

वर्ग गेल्या आठवड्यात संपला. आज प्रमाणपत्रं होती. माझ्या छोट्या भाकरीचं मॅडमनी सगळ्यांपुढं उदाहरण दिलं. "ह्यांनी गिऱ्हाइकाला विचारून धंदा बदलला." टाळ्या वाजल्या. सव्वा महिन्यापूर्वी ह्याच टाळ्यांसाठी मी काहीही केलं असतं. केलंच की.

प्रमाणपत्र कपाटात साड्यांखाली ठेवलंय. आत्याबाईंना दाखवलं नाही.

३ मार्च, सोमवार

तनुजानं काल बोर्ड उतरवला. शेंद्र्याला एका कंपनीच्या कँटीनमध्ये स्वयंपाकाला लागली, आजपासून. हे मला ह्यांच्याकडून कळलं.

संध्याकाळी पाचपासून फोन येतायत. अनोळखी पोरं. "काकू, मुकुंदवाडीच्या ताईंनी नंबर दिला. म्हणल्या, तिथं जावा. पीठ चोख असतं."

सात फोन झाले. आठवा वाजतोय.